शेवयांच्या दिवशी सांगितलेलं

महानंदाला खोटं बोलता येत नाही, असं तिच्या माहेरी, चारठाण्यात, सगळे म्हणत. लहानपणी तिच्या हातून दुधाचं पातेलं उलथलं, तर मांजराचं नाव घ्यायचंही तिला सुचत नसे. लग्न होऊन चुडाव्यात आल्यावरही ती तशीच राहिली. नवऱ्याशी ती कधी खोटं बोलली नाही. एका गोष्टीबद्दल मात्र ती सात वर्षं गप्प बसली, आणि त्या गप्प बसण्यानं जेवढं मोडलं तेवढं शंभर खोट्यांनीही मोडलं नसतं.

तिचा नवरा भीमाशंकर हा कल्याणरावांचा धाकटा मुलगा. स्टेशनाकडून गावात येणाऱ्या रस्त्यावर कल्याणरावांचं किराणा दुकान, दुकानामागंच घर. घर लिंगायतांचं. सकाळी आंघोळ करून तळहातावर लिंग घेऊन पूजा केल्याशिवाय तिथं कुणाच्या तोंडात पाण्याचा थेंब जात नसे. थोरले दोघे भाऊ एक शेतीत, एक पूर्णेच्या अडतीत. भीमाशंकरला दुकानात बसवायचं ठरलं होतं, पण त्याला तेला-गुळाचा वास सोसत नव्हता. तो रोज पॅसेंजरनं नांदेडला जाऊन वेल्डिंग शिकला. त्याच गाडीनं गावचा आणखी एक जण तेच शिकायला जायचा, बौद्धवाड्यातला सूर्यभान. चुडाव्याच्या फलाटावर दोघं वेगवेगळ्या टोकाला उभे राहत आणि गाडी हलली की शेजारी येऊन बसत.

अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला. चुडाव्यात काही झालं नाही; पण चारी बाजूंनी जळालेल्या घरांच्या बातम्या यायला लागल्या, तशी सूर्यभानची आई बायनाबाई त्याला म्हणाली, "जाय बाबा कुठंबी. जित्ता राह्य." तो परळीच्या वीजकेंद्राच्या बांधकामावर गेला. मागून भीमाशंकरही गेला. आणि त्र्याऐंशीत एका कंत्राटदारानं दोघांनाही आंध्रात नेलं, विशाखापट्टणमजवळ, जिथं अगदी समुद्राच्या काठाशी पोलादाचा कारखाना उभा राहत होता.

भीमाशंकर सुट्टीत आला की ओसरीवर बसून त्या कारखान्याबद्दल सांगायचा आणि घरातले ऐकून सोडून द्यायचे. महानंदा मात्र कणीक मळता मळता कान देऊन ऐकायची. कारखाना समुद्राकाठीच का, तर कोळसा जहाजानं बाहेरून आणता येतो आणि पोलाद जहाजानं बाहेर धाडता येतं. तो मिळावा म्हणून तिकडच्या लोकांनी मोर्चे काढले, गोळ्या खाल्ल्या. मग कुठं एकाहत्तरला पायाचा दगड बसला. त्यानंतर कितीतरी वर्षं त्या दगडाभोवती म्हणे गवतच वाढत होतं.

"सूर्यभान काय म्हणतो म्हाईत हाय का?" भीमाशंकर हसत सांगायचा. "म्हणतो, आपल्या नामांतरासारखंच हाय हे. ठराव झाला, आता बसा."

"त्याचं नाव कशाला घरात?" सासूबाई, बसम्मा, आतून म्हणायच्या. तेवढ्यावर गोष्ट संपायची.

शहाऐंशीच्या दिवाळीनंतर भीमाशंकर महानंदाला तिकडं घेऊन गेला. लग्नाला चार वर्षं झाली होती, मूल नव्हतं, त्यामुळं बसम्मांनीही अडवलं नाही. सिकंदराबादला छोट्या रुळाची गाडी सोडून मोठ्या गाडीत बसताना महानंदाला वाटलं, आपण आता देश सोडून चाललो.

कारखान्याच्या कुंपणाबाहेरच्या एका खेड्यात त्यांनी खोली घेतली होती. त्यांनी म्हणजे भीमाशंकर आणि सूर्यभाननं. तीन वर्षं दोघं एका खोलीत राहत होते, एका स्टोव्हवर शिजवत होते, हे महानंदाला तिथं पोचल्यावर कळलं. ती येणार म्हणून सूर्यभाननं आपला बिस्तरा शेजारच्या खोलीत हलवला होता. गावात भीमाशंकरला 'आप्पा' म्हणून वाट सोडणारा हा माणूस इथं त्याला "ए शंकर्‍या, पाणी भर की!" म्हणत होता. महानंदाला ते ऐकून आधी कानकोंडं झालं, मग राग आला.

तिनं बाजारातून एक ॲल्युमिनियमची ताटली आणली आणि संध्याकाळी सूर्यभानपुढं ठेवली. घरच्या पितळी ताटांपासून वेगळी. तो काय समजायचं ते समजला. ताटली बोटावर तोलून म्हणाला, "वयनी, ही लय हलकी हाय. इथला वारा बेकार. उडून समुद्रात गेली म्हंजे?"

भीमाशंकरनं ती ताटली स्वतःपुढं ओढली आणि आपलं पितळी ताट त्याच्याकडं सरकवलं. "हिच्यात मी जेवतो. उडाली तर मी आणीन धुंडून."

दोघं हसले. महानंदा हसली नाही. पण दुसऱ्या दिवशी तिनं ताटं मांडताना कुठलं कुणाचं हे पाहिलं नाही, आणि ती ताटली पुढं पिठावर झाकण म्हणून वापरायला लागली.

ते चार-पाच महिने तिच्या आयुष्यातले सगळ्यात मोकळे होते, हे तिला पुष्कळ उशिरा कळलं. तिथं डोक्यावरचा पदर वाऱ्यानं पडला तर सावरायला सांगणारं कुणी नव्हतं. माशांच्या वासानं सुरुवातीला मळमळायचं. मग कळलं की मळमळ माशांची नाही, दिवस गेलेत. सूर्यभाननं कुठून तरी चिंचेचा गोळा आणून दारात ठेवला आणि म्हणाला, "शंकर्‍याला काय कळतं? माझ्या बहिणीची बाळंतपणं मी पाह्यली हाईत."

दोघंही भट्टीवर काम करत होते. सात-आठ मजली उंच लोखंडी भट्टी. जाड पत्रे वाकवून, एकावर एक चढवून, सांधे वेल्डिंगनं जोडायचे. खारी हवा एका रात्रीत लोखंडाला गंज चढवायची, म्हणून सांधा आधी घासायचा, मग जोडायचा. एकानं घासायचं, दुसऱ्यानं जोडायचं. अशा दोन भट्ट्या होणार होत्या. पहिलीचं नाव गोदावरी ठेवणार, असं ऐकू येत होतं. "म्हंजे आपली गंगाच की," गोदावरीला गावाकडं म्हणत तसं महानंदा म्हणाली. "गंगाच," भीमाशंकर म्हणाला, "फकस्त पाण्याच्या जागी इस्तू."

माघात एका दिवशी दुपारी भीमाशंकर कामावरून अर्ध्यातच घरी आला आणि भिंतीला टेकून बसला. ठिणग्यांनी जळून जळून त्याच्या गळ्यातला दोरा तुटला होता. लिंगाची चांदीची डबी उंचावरून खाली, वाळूत आणि लोखंडाच्या चुऱ्यात, कुठंतरी पडली होती. तासभर शोधूनही सापडेना तेव्हा मुकादमानं त्याला घरी पाठवलं. आता लिंग सापडेपर्यंत अन्न नाही, पाणी नाही. सापडलंच नाही तर जीव ठेवायचा नाही, असं जुनी माणसं सांगत; हे दोघांनाही ठाऊक होतं आणि दोघंही ते बोलत नव्हते.

दिवस बुडायच्या आत सूर्यभान आला. डोळे लाल, नखं फुटलेली, अंगभर काळा चुरा. दोन्ही हातांत त्यानं आपलं हेल्मेट उलटं धरलं होतं, त्यात वाळू आणि वाळूवर डबी.

"म्या हात न्हाई लावला, शंकर," तो उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला. "टोपीनंच उचललं. घे."

भीमाशंकर उठला. त्यानं डबी धुतली, पुसली, नवा दोरा ओवला. आणि मग ती सूर्यभानच्या तळहातावर ठेवली. "बांध."

"येडा झाला का तू?"

"बांध म्हंतो ना गळ्यात."

सूर्यभाननं महानंदाकडं पाहिलं. लिंगायताच्या गळ्यात लिंग कोण बांधतो, हे चुडाव्यात वाढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. गुरू बांधतो. महानंदानं मान हलवली. आपण हो म्हणालो की नाही, हे तिचं तिला कळलं नाही. सूर्यभाननं हात पॅन्टला तीनदा पुसले आणि गाठ मारली. त्या संध्याकाळी तिघं भात आणि चिंचेचं सार जेवले. महानंदाला सारखं रडू येत होतं आणि ते कशाचं हे सांगता येत नव्हतं.

फाल्गुनात ती बाळंतपणासाठी परत आली. माहेरी जायला अवकाश होता म्हणून चुडाव्यातच राहिली. चैत्रात घरी शेवयांचा घाट घातला होता. अंगणात खाटेवर पांढरं धोतर पसरलेलं, बसम्मा पाटावर शेवई ओढताहेत, शेजारच्या दगडाबाई आणि आणखी दोघी-तिघी पिठाच्या गोळ्यांना तेल लावताहेत, असं चाललं होतं. नणंद कुसुम शेवया वाळत टाकत होती. तिची सोयरीक बोरी गावच्या एका घरी जमत आली होती. दगडाबाईंनी सहज विचारलं, "कसं गं हाय तिकडं? माणसं बरी हाईत का?"

महानंदाला बरेच दिवस कुणी काही विचारलं नव्हतं. ती सांगायला लागली. समुद्र, वारा, भट्टी. आणि मग लिंगाची गोष्ट. चांगुलपणाचीच गोष्ट ती, चांगुलपणानंच सांगितली. उपाशी नवरा, फुटलेली नखं, हेल्मेटमधली वाळू. सांगता सांगता तिचे डोळे भरून आले. "आन् मग ह्यांनी त्यालाच म्हणले, बांध."

बसम्मांचा हात पाटावर थांबला. शेवई तुटली.

"कोण बांधलं?"

महानंदानं त्यांच्या तोंडाकडं पाहिलं आणि तिला कळलं. पण शब्द निघून गेला होता. दगडाबाईंनी पदराला हात पुसले. "तुटली की हो बसम्माबाई," त्या शेवईबद्दल म्हणाल्या आणि घरी पीठ उघडं राहिलंय असं सांगून उठल्या.

आठवड्यात गोष्ट बोरीला पोचली. तिकडून निरोप आला: सोयरीक करू, पण भीमाशंकरचा खुलासा पाहिजे. कल्याणरावांनी तार केली, 'आई अत्यवस्थ'. भीमाशंकर तिसऱ्या दिवशी धापा टाकत घरात शिरला, तेव्हा आई चुलीपुढं फोडणी देत होती.

बैठक दुकानातच झाली. चार जाणती माणसं, एक मठाचे स्वामी. एका म्हाताऱ्यानं एवढंच म्हणून पाहिलं, की आपल्या बसवण्णांनी तर असला भेद मानला नव्हता. "ते पोथीत," कल्याणराव म्हणाले. "मला पोरगी द्यायची हाय, ती बोरीत."

भीमाशंकरनं जुनं लिंग उतरवलं. स्वामींनी नवं दिलं. कुसुमचं लग्न लागेपर्यंत गाव सोडणार नाही, असं त्यानं कबूल केलं. बहिणीसाठी तो एवढं करणारच होता, आणि त्याला वाटलं, महिन्या-दोन महिन्यांचा प्रश्न आहे.

त्या दिवशी दुपारी तो स्वयंपाकघरात आला आणि आईला विचारलं, "ही गोष्ट गावात आली कशी?"

महानंदा कोपऱ्यात डाळ निवडत होती. सहावा महिना लागला होता.

बसम्मा वळल्याही नाहीत. "कशी येणार? त्याचीच माय सांगत फिरायली. माझा लेक कल्याणरावाच्या लेकाचा गुरू झाला म्हणं."

"सूर्यभान असं कळवणार न्हाई."

"मंग काय वाऱ्यावर आली? समद्या गावाला कळलं ते?"

भीमाशंकरनं महानंदाकडं पाहिलं. तो विचारणार, असं तिला वाटलं. विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं. आजही ती शपथेवर हे म्हणते. पण बसम्मांनी त्याला विचारू दिलं नाही. "तिच्याकडं काय बघायला? ती बिचारी अवघडलेली, उंबरा वलांडत न्हाई."

तो गेला. महानंदानं पुन्हा डाळ निवडायला घेतली. खडे बाजूला पडत होते की डाळ, तिला दिसत नव्हतं.

बोरीकरांनी खुलासा मान्य केला, पण लग्न पुढच्या वर्षावर टाकलं. वैशाखात सूर्यभानचं पत्र आलं: कंत्राटदाराच्या वेल्डरांपैकी काहींना कारखान्यात कायम घेणार अशी बोलवा आहे, परीक्षा होणार, लवकर ये. आषाढात दुसरं: तुझं नाव मी दोनदा सांगून लावून ठेवलंय, आता तिसऱ्यांदा कुणी ऐकणार नाही, बाबा, निघ. भीमाशंकरनं दोन्ही पत्रं वाचली आणि दुकानातल्या तारेला, बिलांच्या गठ्ठ्यात टोचून ठेवली. उत्तर लिहिलं नाही. श्रावणात महानंदाला मुलगी झाली.

"जायचं न्हाई का?" महानंदानं एकदा विचारलं.

"कुणाकडं जायचं?" तो म्हणाला. "गावभर माझी दवंडी पिटणाऱ्याकडं?"

तेव्हा बोलायला हवं होतं. महानंदाच्या ओठांवर आलंही होतं. पण पाळण्यात मुलगी कुरकुरली आणि तो उठून पाळण्याला झोका द्यायला लागला. तो घरात होता. लग्नानंतर पहिल्यांदा तो पावसाळ्यात घरात होता. सांगितलं तर हा उद्याच्या गाडीनं जाईल, असं तिच्या मनात आलं. नंतरच्या पत्रांच्या वेळीही तेच मनात आलं.

कुसुमचं लग्न झालं तोवर कायमची माणसं घेऊन झाली होती. भीमाशंकर दुकानात बसायला लागला. त्याचा हात तराजूवर नीट बसेना, गिऱ्हाईक म्हणायचं, "आप्पा, काटा बघा की." वेल्डिंगचं दुकान टाकू, असं तो दोन-तीनदा म्हणाला. पण मोडके नांगर आणि खाटांचे पाय जोडायला त्याचं मन घेत नव्हतं. सांधा एकदा बघून तो म्हणायचा, "ह्याला काय जोडायचं!"

नव्वदच्या उन्हाळ्याच्या तोंडाला एक कार्ड आलं. 'गोदावरी पेटली. मी आता तिच्यावरच ड्युटीला आहे. तुझा सांधा कुठला ते मला दिसतं. सूर्यभान.' भीमाशंकरनं ते दिवसभर गल्ल्याखाली ठेवलं. संध्याकाळी पुन्हा वाचलं. मग तेही तारेला टोचलं. महानंदा दाराआड उभी राहून पाहत होती. आता सांगून काय, असं तिनं स्वतःला सांगितलं. तीन वर्षं झाली. आता तर जाण्यासारखंही काही उरलं नाही. माणूस स्वतःला किती शहाणपणाची कारणं देतो, ते तिच्याकडून शिकावं.

चौऱ्याण्णवच्या संक्रांतीला नामांतर झालं. दोन-चार दिवस गावात जरा चिडीचूप होतं. त्याच आठवड्यात सूर्यभान आला, बायनाबाईंना कायमचं घेऊन जायला. अंगात स्वेटर, केस अर्धे पांढरे, भुवया भट्टीच्या धगीनं विरळ झालेल्या. निघायच्या दिवशी, दुपारच्या गाडीच्या जरा आधी, तो दुकानापुढं येऊन उभा राहिला. महानंदा आतल्या दाराशी होती.

"शंकर," तो म्हणाला.

भीमाशंकरनं मान वर केली. मग भीमाशंकर म्हणाला, "काय पाहिजे?"

सूर्यभाननं दुकानावरून नजर फिरवली. तारेवरच्या गठ्ठ्यावरून, तराजूवरून. "पावशेर गूळ दे," तो म्हणाला.

भीमाशंकरनं गूळ फोडला, तोलला, कागदात बांधला. सूर्यभाननं पुडा घेतला. "मायला घेऊन चाललो. दुपारच्या गाडीनं."

"बरं."

"काही चुकलं असंल माझं तर सांग. मला आजून कळंना."

भीमाशंकर काटा पुसत राहिला. सूर्यभान पायऱ्या उतरून गेला.

महानंदा आत आली. चुलीवर भाकरी होती, ती करपली. वास आला म्हणून भीमाशंकर आत डोकावला. तेव्हा ती भाकरीकडं पाहतच म्हणाली, "बायनाबाईनं न्हाई सांगितलं. म्या सांगितलं. शेवयांच्या दिवशी. तुमच्या आईपुढं आन् दगडाबाईपुढं."

त्यानं तवा उतरवून खाली ठेवला.

"चांगलं म्हणूनच सांगितलं होतं," ती म्हणाली. "त्याचं कौतुक म्हणून."

भीमाशंकर ओसरीत गेला, चपला घातल्या आणि दुकान तसंच उघडं टाकून निघाला. आधी बौद्धवाड्यात, तिथं घराला कुलूप; मग स्टेशनाकडं. महानंदा दुकानात जाऊन बसली. गिऱ्हाइकं आली, तिला भाव ठाऊक नव्हते. "आप्पा कुठं गेले?" ती म्हणाली, "येतील." दुपारची गाडी वेळेवर सुटल्याचं तिनं तिथं बसूनच ऐकलं.

तो ऊन कलल्यावर आला. धूळ गुडघ्यापर्यंत. पाय धुतले, पाणी प्याला.

"भेटला का?"

"डबा दिसला. पळतीवर होती गाडी." मग पाटावर बसत म्हणाला, "तव्हा कामून न्हाई सांगितलं? इतक्या वर्सांत एकदाबी?"

महानंदाला खोटं बोलता येत नव्हतं. भीती वाटली, सासूबाईंचा धाक होता, ओली बाळंतीण होते, यातलं काहीही म्हणता आलं असतं आणि त्यातलं बरंचसं खरंही होतं.

"सांगितलं असतं तर तुमी गेला असता," ती म्हणाली.

ती वाट पाहत होती की हा ओरडेल, ताट भिरकावेल, निदान आईला हाक मारून विचारेल. त्यानं तसलं काही केलं नाही. म्हणाला, "वाढ."

तिनं वाढलं. तो जेवला. दुसऱ्या दिवशी त्यानं वेळेवर दुकान उघडलं, आणि त्यानंतर रोजच वेळेवर उघडत राहिला. विशाखापट्टणमला तो पत्र लिहील असं तिला पुष्कळ दिवस वाटत होतं. एकदा तर तिनं स्वतःच पोस्टातून कार्ड आणून गल्ल्याशेजारी ठेवलं. ते त्यानं दुकानातल्या मालाच्या यादीला वापरलं. महानंदाशी तो नीटच बोलायचा. मुलीची शाळा, आईचं दुखणं, तुरीचा भाव, सगळं विचारून करायचा. ओसरीवर बसून समुद्राबद्दल मात्र पुन्हा कधी बोलला नाही, आणि ती ऐकायला बसली आहे का, हेही त्यानं पाहिलं नाही.